जाताना नर्स, पोचल्यावर कोण?

(सांगलीत नर्सिंगचे विद्यार्थी आणि पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मुलींनो, मुलांनो आणि पालकहो,

आपल्या भागाला नर्सिंग नवीन नाही. वॉन्लेस डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिरजेत मिशनचं रुग्णालय उभं केलं, त्याच्या मागोमाग नर्सिंगचं शिक्षण आलं, आणि आजही कर्नाटकातून, कोकणातून पेशंट मिरजेलाच येतो. त्यामुळे जत, कवठेमहांकाळ, शिराळ्याच्या मुलींना ऐन विशीत इतक्या तऱ्हेचे पेशंट सांभाळायला मिळतात, की हाताच्या कामात त्या जगात कुठंही कमी पडणार नाहीत. मी इथंच शिकले, इंग्लंडमध्ये वॉर्डात काम केलं आणि आता इथं शिकवते, म्हणून हे खात्रीनं सांगते. अडतं ते दुसरीकडेच.

जीएनएम (नर्सिंगची पदविका) किंवा बीएस्सी झालं, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन मिळालं, की आपल्याला वाटतं आता जगाच्या पाठीवर कुठंही गेलो तरी आपण नर्स. तसं नसतं. नर्स म्हणून काम करायचा अधिकार प्रत्येक देश आपापल्या कायद्यानं देतो. आपल्या कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हा त्यासाठीचा एक कागद झाला. तो परदेशातला अधिकार हातात येईपर्यंत तुम्ही तिथं कायद्यानं नर्स नसता. मग त्या मधल्या काळात तुमचा हुद्दा काय, पगार कशाचा, आणि तो काळ कधी संपणार? मी आज बोलणार आहे ते या मधल्या काळाबद्दल.

ब्रिटनपासून सुरू करते, कारण तो रस्ता मी चाललेली आहे. तिथं नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल, म्हणजे एनएमसी. आधी इंग्रजी: आयईएलटीएस अकॅडमिकमध्ये वाचणं, ऐकणं, बोलणं यांत ७ आणि लिहिण्यात ६.५. किंवा ओईटी, म्हणजे आरोग्य क्षेत्रासाठीची इंग्रजीची परीक्षा, त्यात बी ग्रेड, लिखाणाला सी प्लस चालतो. मग कॉम्प्युटरवरची परीक्षा, ती इथूनच देता येते. शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा ओएससीई, जिला सगळ्या ऑस्की म्हणतात, ती ब्रिटनमध्येच जाऊन द्यावी लागते. ती पास होऊन पिन, म्हणजे एनएमसीचा नोंदणी नंबर, मिळेपर्यंत सरकारी रुग्णालयात तुम्ही साधारण बँड ४ या पगारश्रेणीवर असता, रजिस्टर्ड नर्सचा बँड ५ त्यानंतर. हा मधला काळ ठरलेला आहे, कागदावर लिहिलेला आहे. म्हणून तो सोसवतो.

ऑस्कीत आपल्या मुली कुठं अडकतात ते जरा जवळून बघू. आपल्याकडे कित्येक वॉर्डांत टीपीआर, म्हणजे ताप-नाडी-श्वासाचा चार्ट उघडला, तर श्वासाच्या रकान्यात ओळीनं २०, २०, २० लिहिलेलं दिसतं. मोजलेलं नसतं. तिथं न्यूज-टू नावाचा चार्ट असतो. श्वास, ऑक्सिजन, बीपी, नाडी, शुद्ध, ताप, प्रत्येकाला गुण. श्वास १२ ते २० असेल तर शून्य. २१ ते २४ असेल तर थेट २ गुण. २५ किंवा जास्त असेल तर ३. एकूण बेरीज ५ झाली की तातडीनं डॉक्टर, ७ झाली की आणीबाणी. आता ज्या पेशंटचा श्वास २४ चाललाय त्याच्यापुढे सवयीनं २० लिहिलं, तर दोन गुण गेले आणि आजार लपला. सेप्सिसचा, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर भिनलेला पेशंट बिघडायला लागतो तेव्हा बीपी पडायच्या आधी बऱ्याचदा श्वास वाढतो. म्हणून परीक्षक घड्याळाकडे बघत उभा असतो, की ही पूर्ण एक मिनिट मोजते का. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. परदेशी जायचं असो वा नसो, उद्यापासून मिरजेच्या वॉर्डात पूर्ण मिनिट मोजा. त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

दुसरं, औषध देताना मनगटावरचा पट्टा बघणं, नाव आणि जन्मतारीख पेशंटच्याच तोंडून वदवून घेणं, ॲलर्जी विचारणं, आणि हे सगळं बोलून करणं. आपण मनात तपासतो आणि हातानं उरकतो. तिथं जे बोललं नाही, लिहिलं नाही, ते केलंच नाही असं धरतात.

जर्मनीची तऱ्हा वेगळी. तिथं मान्यता देणारी यंत्रणा राज्याराज्याची आहे. जर्मन भाषा बी-टू, म्हणजे वरच्या मध्यम पातळीपर्यंत लागते, आणि ती नुसती परीक्षेपुरती पुरत नाही, कारण ड्युटी बदलताना पेशंटची सगळी माहिती तोंडी जर्मनमध्ये द्यायची असते. कागद तपासून ते सांगतात तुमच्या शिक्षणात काय कमी आहे. मग एक तर तिथल्या रुग्णालयात काही महिन्यांचं पूरक प्रशिक्षण घ्यायचं, नाही तर ज्ञानपरीक्षा द्यायची. तोपर्यंत तुम्ही सहायक, आणि पगारही सहायकाचा. बारावी झालेल्यांसाठी दुसरा मार्ग आहे तो आउसबिल्डुंगचा, म्हणजे काम करत शिकण्याचा: तीन वर्षं शिकायचं, शिकताना विद्यावेतन मिळतं, आणि शेवटी हातात जर्मनीचीच पात्रता येते. ज्यांचं नर्सिंग अजून झालेलंच नाही त्यांनी हा मार्ग नीट समजून घ्यावा. ज्यांनी चार वर्षं बीएस्सी केलंय त्यांना कुणी परत पहिल्या वर्षाला बसवत असेल, तर मात्र का, ते विचारा.

आणि कामाचं स्वरूप. आपल्याकडे पेशंटला पुसून घेणं, भरवणं, बेडपॅन देणं हे नातेवाईक करतात, नाही तर मावशी करतात. जर्मनीत हे नर्सचं काम आहे, तिथं शिकलेली जर्मन नर्सही रोज करते. उलट रक्त काढणं, आयव्ही लावणं हे पुष्कळ ठिकाणी डॉक्टर करतात. इथून आयसीयूचा अनुभव घेऊन गेलेली मुलगी पहिल्याच आठवड्यात फोनवर रडते, की मला आयाचं काम दिलं. फसवलं असं तिला वाटतं. पण पेशंटला आंघोळ घालतानाच पाठीवरचा बेडसोअर पहिल्यांदा दिसतो, सूज दिसते, तो आज कालच्यापेक्षा गप्प आहे हे कळतं. हे काम हलकं आहे ही समजूत घेऊन जाऊ नका, तिथं ती टिकत नाही.

मात्र नर्सच्या हाताला हे काम असणं वेगळं, आणि नर्सला केअर वर्कर, म्हणजे म्हाताऱ्या-आजारी माणसांची देखभाल करणारी सेविका म्हणून नेणं वेगळं. माझी खरी तळमळ इथं आहे. ब्रिटननं २०२२ च्या फेब्रुवारीत केअर वर्करसाठी व्हिसा खुला केला. आपल्याकडच्या किती तरी जीएनएम झालेल्या मुली त्यावर गेल्या. एजंटांनी सांगितलं, आधी शिरा, नर्स मागाहून व्हा. वृद्धाश्रमातल्या, घरोघर फिरण्याच्या बारा-बारा तासांच्या ड्युटीत इंग्रजीची परीक्षा कधी द्यायची? त्यात व्हिसा मालकाला बांधलेला; मालकाचं परदेशी माणसं घ्यायचं लायसन्स गेलं की मुलगी उघड्यावर. मार्च २०२४ पासून केअर वर्करला नवरा-मुलं नेता येईनात, आणि २२ जुलै २०२५ पासून बाहेरून नवीन केअर वर्कर घेणंच बंद झालं. तरीसुद्धा कुणी तुम्हाला या व्हिसाचं आमिष दाखवत असेल, तर तिथून सरळ उठा. जपानचा केअरगिव्हरचा मार्ग सुरू आहे, त्याला जपानी भाषेची एन-फोर पातळी लागते. तो केअरगिव्हर म्हणून चांगला आहे. पण जपानमध्ये नर्स होणं ही निराळी परीक्षा आहे, हे सही करण्याआधी माहीत हवं.

खानापूर-आटपाडीची आपली गलाईवाली माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर गेली. कशी गेली? आधी मामा गेला, मग भाचा, मग गाव. पोचल्यावर उतरायला घर आणि विचारायला माणूस होता. केरळच्या नर्सेसचं तसंच आहे. शिवाय नॉर्का ही त्यांची सरकारी संस्था जर्मन सरकारी यंत्रणेबरोबर ट्रिपल विन ही नर्सेसच्या भरतीची योजना चालवते. आपल्या मुलीला परदेशात ना मामा ना मावशी, म्हणून ती एजंटवर भिस्त ठेवते. आपल्या सरकारनंही २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी करार केला आहे, त्याची चौकशी पालकांनी जरूर करावी.

पालकहो, आता पैशाचं. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटला १९८३ च्या कायद्याखाली परवाना लागतो, तो सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येतो. त्यानं घ्यायच्या सेवाशुल्काची मर्यादा ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, एवढीच आहे. ब्रिटनच्या आरोग्य खात्याची आचारसंहिता तर सांगते, की उमेदवाराकडून भरतीचे पैसे घेऊच नयेत. द्राक्षबागेवर कर्ज काढून पंधरा-वीस लाख मोजणारी घरं मला माहीत आहेत. तो पैसा कशाचा, याची पावतीसुद्धा त्यांच्याकडे नसते. आखाती देशांसाठी तर २०१५ पासून नर्सना आपल्या सरकारची एमिग्रेशन, म्हणजे देशाबाहेर जाण्याची मंजुरी लागते. व्हिजिट व्हिसावर चल, तिथं बघू, असं म्हणणाऱ्याच्या मागं अजिबात जाऊ नका.

अमेरिकेबद्दल थोडक्यात: एनक्लेक्स ही तिथली नर्सिंगची परीक्षा पास होणं हातातलं आहे, पण भारतीयांना ग्रीन कार्डसाठी, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्यासाठी, दहा वर्षं किंवा त्याहूनही जास्त थांबावं लागतं. लग्न, मुलं, नोकरी यांचा हिशेब ते धरूनच करा.

आणि कागद, जे आजपासून गोळा करायचेत. आखाती देशांत डेटाफ्लो या कंपनीकडून कागदांची पडताळणी असते. ते तुमच्या कॉलेजला, कौन्सिलला, रुग्णालयाला परस्पर विचारतात. छोट्या रुग्णालयात रोख पगारावर, नेमणूकपत्राशिवाय दोन वर्षं राबलात, तर ती दोन वर्षं जगाच्या दृष्टीनं झालीच नाहीत. नेमणूकपत्र मागा, पगार बँकेत घ्या. लग्नानंतर आपल्याकडे आडनाव बदलतं, काही घरांत नावही बदलतं. दहावीच्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, कौन्सिलच्या कागदावर वडिलांचं नाव, बँकेत नवऱ्याचं. तिकडच्या अधिकाऱ्याला त्या चार वेगळ्या बायका वाटतात. नाव बदललं असेल तर राजपत्रात नोंद करा, नाही तर पासपोर्ट माहेरच्या नावानंच ठेवा. सासरच्यांनी यात मान-अपमान आणू नये, ही माझी हात जोडून विनंती.

पुढचा वेळ प्रश्नांसाठी ठेवलाय. ज्यांच्याकडे ऑफर लेटर आलंय त्यांनी ते घेऊन पुढं या. त्यात हुद्दा काय लिहिलाय, पगार मान्यतेच्या आधी किती आणि नंतर किती, परीक्षेत नापास झालात तर काय होणार, आणि नोकरी सोडली तर किती पैसे परत मागणार, या चार ओळी आपण बसून वाचू.