चहा थोडा थांबेल

(रात्र. स्वयंपाकघर. फ्रीजचा उजेड.)

हा आवाज ऐका. गोव्यातल्या डिचोलीच्या या घरात रात्री अकरानंतर तो रोज यायचा. घरातली सून बर्फ चावत असायची. भूक नाही, तहान नाही, पण ट्रे रिकामा झाल्याशिवाय झोप नाही. घरच्यांना वाटलं, वजनाच्या ऑपरेशननंतरचं खूळ. डॉक्टरांनी मात्र हे ऐकलं आणि आधी रक्त तपासायला सांगितलं.

गॅस्ट्रिक बायपासला दोन वर्षं झाली होती. वजन उतरलं, साखर आटोक्यात आली, ब्लाउज दोनदा आत घेऊन झाले. मग जिना चढताना धाप लागायला लागली, फणीत केसांचे पुंजके यायला लागले. "बारीक झालीस, अशक्तपणा येणारच," म्हणून सगळे मोकळे.

हिमोग्लोबिन निघालं ९.२. बायकांत १२ च्या खाली गेलं की ॲनिमिया धरतात. फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, अवघं ६. बर्फाची ती ओढ याचीच खूण. हा साठा हिमोग्लोबिनच्या आधी आटतो, म्हणून नुसतं हिमोग्लोबिन बघून भागत नाही.

(रेखाचित्र: जठर आणि आतडं.)

अन्नातलं लोह मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीलाच शोषलं जातं. बायपासमध्ये अन्न नेमका तोच भाग टाळून पुढे जातं. बायपास रोड झाला की गावातल्या बाजाराचं गिऱ्हाईक तुटतं, तसं. शिवाय जठराची उरते छोटी पिशवी. तिच्यात आम्ल कमी, आणि पालेभाजी-कडधान्यातलं लोह शोषण्याजोगं व्हायला आम्ल लागतं. स्लीव्ह ऑपरेशनमध्ये, म्हणजे जठर नुसतं कापून अरुंद करतात त्यात, वाट बदलत नाही, पण आम्ल घटतंच.

सासूबाईंचा उपाय तयार होता: "तांबडी भाजी खा गो, रगत वाडटलें." भाजी चांगलीच, पण तिचा तांबडा रंग लोहाचा नव्हे. तिसऱ्या म्हणजे शिंपल्यांतलं, मटणातलं लोह जास्त सहज अंगी लागतं. पण श्रावणात घर शिवराक, म्हणजे शाकाहारी, आणि एवढ्याशा जठराला मटण जड. डिचोलीच्या मातीतून बार्ज भरभरून लोखंड परदेशी गेलं आणि इथल्याच बाईच्या रक्तात ते नाही, हा विनोद तिला इतक्यांनी ऐकवलाय की आता ती हसतही नाही.

डॉक्टरांनी आधी पाळीतला रक्तस्राव विचारला. जठर आणि आतडं जोडलंय त्या जागी व्रण होऊन रक्त झिरपत नाही ना, तेही दुर्बिणीतून पाहिलं. मग विचारलं, गोळ्या कशा घेता?

(पहाट. सायकलवर पोदेर, म्हणजे पाववाला. भोंपू.)

गोळी तिने एकही चुकवली नव्हती. पोदेर आला की पाव, दुधाचा चहा आणि एका मुठीत लोह, कॅल्शियम, सगळं. चहातली टॅनिनं लोहाला धरून ठेवतात, कॅल्शियम त्याची वाट अडवतं. दोन वर्षं नेमाने गिळलेलं बरंचसं लोह नुसतं वाहून गेलं. आणि ऑपरेशनच्या फाइलमध्ये "लोह वेगळं घ्या" असं एका ओळीत छापलेलं होतं, बारीक अक्षरांत. अशी गोष्ट तोंडी सांगायला हवी, तीही दोनदा.

साठा इतका आटलेला असताना गोळ्यांवर विसंबून चालणार नव्हतं. लोह शिरेतून दिलं. काही औषधांत एका बैठकीत १००० मिलिग्रॅमपर्यंत देता येतं, पण दवाखान्यातच, कारण क्वचित ॲलर्जी उठते. हिमोग्लोबिन चढायला आठवडे लागले. बर्फ मात्र आठवड्यातच सुटला.

या ऑपरेशननंतर पाळी येणाऱ्या बाईला एरवीही रोज ४५ ते ६० मिलिग्रॅम लोह सुचवतात, तेही कायमचं. आता तिची गोळी उठल्याउठल्या, लिंबूपाण्याबरोबर. शौच काळं होतं, त्याला ती आता घाबरत नाही. कॅल्शियम दुपारी आणि रात्री, लोहापासून निदान दोन तास लांब. पुढची तपासणी चतुर्थीनंतर. मग वर्षातून एकदा तरी.

(स्वयंपाकघर. ओट्यावर गरम पाव. घड्याळात सात.)

पोदेर येऊन गेलाय. सासूबाईंनी चहाचं आधण ठेवायला पातेलं उचललं, घड्याळाकडे पाहिलं आणि परत खाली ठेवलं.