कणीक मळलंस काय?

(पहाट. देवळाचं आवार. कनातीमागे विझत आलेला दिवा.)

सिंधुदुर्गातल्या वालावलजवळच्या एका वाडीत नुकताच दहीकाला फुटलाय. रात्रभर चाललेलं दशावतारी नाटक संपलं. रंगपटात, म्हणजे नटांच्या रंगायच्या जागेत, खोबरेल तेलाचा वास भरून राहिलाय. तेलाचं बोट फिरलं की राजाच्या चेहऱ्यावरचा रंग फडक्यावर उतरतो. नऊवारीची घडी घालणारा पुरुष मघाशी द्रौपदी होता.

‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा.’ तळकोकणात दशावतारी नटांबद्दल असं म्हणतात. पूर्वी कपड्यांचे पेटारे डोक्यावर घेऊन मंडळी जत्रेमागून जत्रा चालत गाठायची. आता पेटारे टेम्पोत चढतात. बोजा मात्र अजून आपला आपणच उचलायचा.

आज आम्ही नटांच्या नाही, रंगमंचावरच्या बाकड्याशेजारी बसणाऱ्या तिघांच्या मागे निघालोय: पेटीवाला (हार्मोनियमवाला), पखवाजी आणि झांजवाला.

दशावताराला लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, कोण काय होणार ते ठरतं. बोलणं तिथल्या तिथे सुचतं. पदही तसंच. नट बोलता बोलता सूर लावतो आणि पेटीला तो त्याच क्षणी पकडावा लागतो. युद्धात तलवार फिरते तिच्याबरोबर पखवाजाचा हात फिरायला हवा. नटाचा प्रवेश संपला की त्याला रंगपटात घटकाभर पाठ टेकता येते. या तिघांना आडदशावतारातल्या, म्हणजे आख्यानाआधीच्या पूर्वरंगातल्या, गणपतीपासून काल्यापर्यंत डोळा मिटता येत नाही. त्यांची रात्र दिवसा होते, तीही चालत्या गाडीत.

(टेम्पोच्या आतून. ताडपत्रीच्या फटीतून ऊन.)

कुडाळ मागे पडलं. राष्ट्रीय महामार्ग ६६. ओरोस, कसाल, कणकवली. पेटी पेटाऱ्यांवर, सगळ्यात वर, चादरीत गुंडाळलेली. आतल्या पितळी सूरपट्ट्यांना हादरे सोसत नाहीत. पेटीवाला झोपलाय, पण एक हात त्या चादरीवर आहे. गाडी उसळली की हात आधी जागा होतो.

पखवाज मांडीवर. पखवाजी साठीच्या पुढचे. गेली कित्येक वर्षं कार्तिक लागला की घराबाहेर पडतात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. शेजारी त्यांचा शिकाऊ पोरगा.

नांदगाव तिठ्याला चहा. तिथून डावीकडे देवगडची वाट. शिरगाव, तळेबाजार, मग जांभ्याचा सडा आणि मोहरलेल्या कलमांच्या बागा. मोहराचा वास थेट टेम्पोत येतो. कोणी मान वर करत नाही. सगळे गाढ झोपलेत, आणि त्यांना झोपू द्यावं असंच आम्हालाही वाटलं. कॅमेरा बंद केला.

(दुपार. देवळाची पडवी.)

उतरल्या उतरल्या पखवाज उन्हातून सावलीत. कातड्याला सगळं कळतं. उन्हात ते ताणतं, सूर चढतो. रात्री दव पडलं की ढिलं होतं, सूर उतरतो. म्हणून हातोडीने लाकडी गट्टे ठोकून, कातडी वाद्या आवळून आधी शाईची, म्हणजे काळ्या ठिपक्याची उजवी बाजू सुरात लावायची. डाव्या पुडीवर, म्हणजे डाव्या तोंडाच्या कातड्यावर, आवाज घुमावा म्हणून लावलेली कालची कणीक चिकटलेली असते. ती नखाने, मग ओल्या फडक्याने काढायची. कातडं दुखावता कामा नये. पखवाजी या एका कामाला अर्धा तास देतात. पोराने घाई केली तर त्याचा हात धरून बाजूला ठेवतात. बोलत काही नाहीत.

गावकऱ्यांकडे भात, डाळ, सोलकढी. नट पुन्हा आडवे झाले. पोरगा उंबऱ्यावर बसून राहिला.

(रात्र. मिणमिणती दुकानं, खाज्याचे ढीग. देवीची पालखी देवळाभोवती फिरते आहे.)

पालखी देवळात गेल्याशिवाय नाटक उभं राहत नाही. तोवर दव उतरायला लागलंय. पखवाजी पुडीवर तळवा ठेवून बघतात.

“कणीक मळलंस काय?”

“होय. मळलंय.”

“दाखय.”

पोरगा ओल्या फडक्यातला गोळा पुढे करतो. ते अंगठ्याने दाबतात, दोन थेंब पाणी घालायला लावतात, पुन्हा दाबतात. मग गव्हाची ती कणीक डाव्या पुडीच्या मधोमध थापली जाते. एक थाप. फार कोरडी. आणखी जरा कणीक. दुसरी थाप जमिनीतून आल्यासारखी घुमते. मागे बसलेल्या बायका बोलायच्या थांबतात.

पेटीवाला सूर देतो. पखवाजी शाईवर बोट ठेवून ऐकतात, एक गट्टा हलकेच ठोकतात, आणि आज पहिल्यांदाच पखवाज उचलून पोराच्या मांडीवर देतात. गणपती येईपर्यंत तूच वाजव, म्हणतात.