स्टीलच्या नळीची स्वच्छता

श्रोतेहो, नमस्कार. १ जुलै २०२२ पासून देशभर प्लास्टिकच्या स्ट्रॉवर बंदी आली आणि त्यानंतर पुन्हा पुन्हा वापरता येणारी स्टीलची नळी पुष्कळ घरांतल्या चमच्यांच्या स्टँडमध्ये जाऊन बसली. पेला आपण आतून-बाहेरून घासतो, त्याचा तळ डोळ्यांना दिसतो. जेमतेम सहा मिलिमीटर व्यासाच्या नळीचे अंतरंग मात्र दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते धुतले गेले असे आपण गृहीत धरतो. आजचे बोलणे त्या न दिसणाऱ्या बाजूविषयी आहे.

साताऱ्यात आमच्या शेजारी एक निवृत्त सुभेदार राहत असत. सगळी गल्ली त्यांना आबा म्हणे. एका चैत्रात त्यांच्या सूनबाईंनी हळदीकुंकू केले, आंब्याची डाळ आणि पन्हे केले, आणि हौसेने प्रत्येक पेल्यात स्टीलची नळी ठेवली. पन्हे गुळाचे होते, हेही सांगितले पाहिजे, कारण साखरेच्या पन्ह्याला गुळाची खोली येत नाही, असे माझे ठाम मत आहे. दुसऱ्या दिवशी मी डबे परत द्यायला गेले, तेव्हा सूनबाई साबणाच्या पाण्यातून काढून नळाखाली धरलेल्या नळ्या पुसून ठेवत होत्या. आबांनी त्यातली एक उचलली, एक डोळा मिटला आणि ती खिडकीच्या उजेडाकडे धरून आत पाहिले. मग शांतपणे म्हणाले, "सूनबाई, ही धुतली आहे, पण साफ झालेली नाही."

सैन्यातल्या उमेदवारीच्या काळात त्यांच्या हाती थ्री-नॉट-थ्री रायफल होती. तिच्या नळीचा व्यास ७.७ मिलिमीटर, म्हणजे आपल्या स्ट्रॉपेक्षा किंचितच मोठा. ती साफ करायला पुलथ्रू असे. एका टोकाला पितळी वजन असलेली दोरी, आणि दुसऱ्या टोकाच्या फासात अडकवलेली चिंधी. आबांनी तसाच पुलथ्रू घरात करायला घेतला. शिवणाच्या डब्यातला जाड सुती दोरा घेतला, एका टोकाला बारीक पितळी मणी बांधला आणि दुसऱ्या टोकाला जुन्या मलमलीच्या धोतराची बोटभर पट्टी घट्ट अडकवली. मणी तोंडाच्या बाजूने आत सोडला, तो वाकातूनही आपल्या वजनाने घरंगळत खाली आला. मग खालचे टोक धरून त्यांनी दोरा एका दमात ओढला. मध्ये थांबायचे नाही, कारण थांबले की चिंधी तिथेच अडकते, आणि मळ नेहमी खालच्या टोकातून निघाला पाहिजे, ओठ लागतात त्या टोकाकडे जायला नको, हे त्यांनी दोनदा बजावले.

पहिली पट्टी बाहेर आली ती तपकिरी होती. तिच्यावर कैरीचे रेषे चिकटले होते आणि केशराची एक काडी होती. दुसरी पट्टी पिवळसर निघाली, तिसरी पांढरी. प्रत्येक वेळी आबा नळी उजेडाकडे धरत, आणि आतली भिंत आरशासारखी उजळेपर्यंत त्यांनी ती खाली ठेवली नाही. सूनबाई काही बोलल्या नाहीत, त्या दुसरा दोरा ओवायला बसल्या.

आता रोजची रीत ऐका. पेय संपताच नळीतून पाणी जाऊ द्यावे, कारण ओला गर सहज निघतो आणि वाळलेला हट्ट धरतो. ताक, लस्सी किंवा मस्तानी प्यायली असेल, तर आधी गार पाणी आणि मगच गरम पाणी, कारण दुधातली प्रथिने उष्णतेने घट्ट होऊन धातूला चिकटतात. पुन्हा सांगते, आधी गार, मग गरम. त्यानंतर साबणाचे कोमट पाणी आणि नायलॉनच्या केसांचा लांब ब्रश दोन्ही टोकांकडून फिरवावा. नळीबरोबर ब्रश न देणाऱ्या दुकानदाराने अर्धीच वस्तू विकली, असे मी समजते. ब्रशही धुऊन वाळवावा.

ज्यांच्याकडे विहिरीचे किंवा बोअरचे जड पाणी आहे, त्यांच्या नळीत पांढरा क्षार बसतो. तो साबणाला दाद देत नाही, आंबटाला देतो, म्हणून लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घातलेल्या गरम पाण्यात नळ्या अर्धा तास ठेवून मग घासाव्यात आणि भरपूर पाण्याने धुवाव्यात. तारेची घासणी आणि क्लोरीनचे ब्लीच मात्र टाळावे. स्टीलला गंजापासून जपतो तो पृष्ठभागावरचा क्रोमियमच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर, आणि क्लोरीन त्याच थराला छिद्रे पाडते. मिठातही क्लोराइडच्या रूपात क्लोरीन असते, म्हणून मीठ घातलेल्या ताकात नळी रात्रभर बुडवून ठेवू नये.

धुतलेल्या नळ्या बंद डब्यात लगेच ठेवू नयेत. उभ्या ठेवून निथळू द्याव्यात, आतला ओलावा पूर्ण गेला की मगच झाकाव्यात, आणि पुढच्या वेळी पेल्यात घालण्यापूर्वी एकदा उजेडाकडे धरून आत पाहावे. लहान मुलांच्या हाती दिलीत तर ती एका जागी बसून पितील याकडे लक्ष द्यावे, कारण धातूची नळी वाकत नाही आणि तोंडात नळी धरून धावणारे मूल पडले तर इजा गंभीर होऊ शकते. नमस्कार.