दारातलं पायपुसणं: धुणं सोपं, वाळवणं अवघड

[दृश्य: जांभ्याच्या पायऱ्या, पाऊस, चिखलाने माखलेल्या चपला]

रत्नागिरी जिल्ह्यातला जुलै. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणारा हा मुलूख. अंगणातली तांबडी माती पायाबरोबर पायरी चढते, ओटीवर येते आणि दारातल्या पायपुसण्यावर उतरते. घरात माणसं सहा असोत की दहा, पावसाळ्यात हे पायपुसणं संध्याकाळपर्यंत ओलंगच्च झालेलं असतं.

दुकानात प्रत्येक जण विचारतो, धुता येतं ना? कोकणात त्याआधी विचारायला हवं, वाळतं का?

[दृश्य: पायपुसण्याची मागची बाजू, बोटाने खरवडताना]

ही मागची बाजू नीट बघा. कापसाच्या थराला खाली रबर चिकटवलंय. नवं असताना घसरत नाही, म्हणून घेतलं जातं. पण धुतल्यावर पाणी कापड आणि रबर यांच्या मध्ये अडकतं. वरून हात लावला तर कोरडं, आत ओलं. वास येतो तो तिथून. गरम पाण्याने आणि कडक उन्हाने रबराला चिरा जातात, मग असा भुगा सुटतो आणि तो मशीनच्या जाळीत जाऊन बसतो. घसरू नये म्हणून खाली सुटी जाळी घाला. फरशीच्या दुकानात ती मापाने कापून देतात. पायपुसण्यापेक्षा चारही बाजूंनी दोन सेंटिमीटर लहान कापायची, म्हणजे कडेला पाय अडत नाही. ती वेगळी धुता येते, वेगळी वाळते. ओल्या फरशीवर घसरून म्हाताऱ्या माणसांची हाडं मोडतात, एवढं कारण पुरेसं आहे.

[दृश्य: सुती साडी फाडताना, पट्ट्यांचे गुंडे]

पावसाळ्यासाठी सगळ्यात चांगलं पायपुसणं घरातच तयार होतं. जुनी, मऊ झालेली सुती साडी घ्या. सिंथेटिक साडी नको, ती पाणी पीत नाही, नुसतं इकडचं तिकडे करते. साडीच्या लांबीत दहा सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या फाडायच्या. कात्रीने फक्त सुरुवात करायची, पुढे कापड आपसूक सरळ फाटतं. दोन्ही कडा आत दुमडून पट्टी पुन्हा मधोमध दुमडली की धागे बाहेर लोंबत नाहीत. तीन पट्ट्या मुद्दाम कमीजास्त लांबीच्या ठेवायच्या, नाहीतर तिन्ही जोड एकाच जागी येतात आणि तिथे गाठ फुगते. जोड तिरका शिवायचा. सरळ शिवलेला जोड पायाला टोचतो.

[दृश्य: तीन पेडांची वेणी, हात जवळून]

वेणी घट्ट, पण ताणून नाही. रुंदी अडीच सेंटिमीटरच्या आसपास राहिली पाहिजे. साठ बाय चाळीसचं लांबट गोल पायपुसणं हवं असेल तर सुरुवातीचा सरळ भाग वीस सेंटिमीटरचा, म्हणजे लांबीतून रुंदी वजा केली की झालं. तिथून वेणी वळवत वळवत तिच्याच कडेला लावत जायची. एवढ्या मापाला सव्वाआठ मीटर वेणी लागते. एका पाचवारी साडीतून ती होते आणि पट्ट्या उरतातही.

[दृश्य: पालथं पायपुसणं, सुई-दोरा]

शिवण पालथ्या बाजूने, गोधडीच्या जाड दोऱ्याने. टाका एका वेणीच्या पेडातून शेजारच्या वेणीच्या पेडात. आणि काम बिघडतं ते हमखास वळणावर. बाहेरची फेरी आतल्या फेरीपेक्षा लांब असते, म्हणून वळणावर वेणी थोडी सैल सोडावी लागते. ओढून शिवली तर पायपुसणं वाटीसारखं वर येतं. फार सैल सोडली तर कडेला झालर पडते. प्रत्येक फेरीनंतर सपाट फरशीवर ठेवून हाताने दाबून बघायचं. वर आलं असेल तर तेवढी फेरी उसवायची. इस्त्री फिरवून ते बसत नाही.

शिवायला बसण्याआधी दार उघडून खालची फट मोजा. वेणीची जाडी फटीपेक्षा कमी हवी, नाहीतर दार दर वेळी पायपुसणं ओढत नेणार.

[दृश्य: मागच्या दारी धुण्याचा दगड, लाल पाणी वाहताना]

तांबडा चिखल ओला असताना घासू नये, तो धाग्यात आणखी खोल जातो. आधी वाळू द्या, झाडा, मग गार पाण्यात वीस मिनिटं भिजवा, साबण लावा, ब्रश मारा. या मातीचा रंग लोहाचा आहे. ब्लीचने तो जात नाही, उलट डाग पक्का होतो. कपडे मऊ करणारं द्रावण वापरू नका, त्याचा थर बसला की कापड पाणी शोषायचं कमी होतं. मशीनमध्ये घालायचं तर दोन एकदम. एकटं जड पायपुसणं एका बाजूला गोळा होतं आणि पिळताना मशीन हादरतं.

[दृश्य: पडवीत दोन दोऱ्या]

आणि हे वाळवणं. एका दोरीवर घडी घालून टाकलं तर आतली बाजू ओलीच राहते. हातभर अंतरावर दोन दोऱ्या बांधा, त्यांवर आडवं पसरा, दुपारी उलटं करा. हवा दोन्ही बाजूंनी लागते. तरीही आठवडाभर ऊन नसेल तेव्हा एका दाराला तीन पायपुसणी लागतात: एक दारात, एक दोरीवर, एक कोरडं कपाटात.

दाराबाहेर प्लास्टिकच्या वेटोळ्यांचं, खालून मोकळं असलेलं घ्या. पाइपने पाणी मारलं की चिखल सरळ खाली निघून जातो. काथ्याचं पायपुसणं चप्पल खरवडायला त्याहून सरस, पण ते ऑक्टोबर ते मे. पालथं टाकून झोडपलं की धूळ निघते. पाऊस सुरू होण्याआधी दोन दिवस उन्हात तापवून माळ्यावर टाकायचं, प्लास्टिकच्या पिशवीत नाही, जुन्या चादरीत गुंडाळून. गोणपाट दारात टाकायची सवय मात्र सोडाच. ताग ओला झाला की कमजोर होतो, कुजतो.

[दृश्य: गणपतीचं मखर, दारात चपलांचा ढीग]

गणपतीत पाऊस असतो आणि आरतीला सगळी वाडी येते. तेव्हा पुढच्या दाराला तीन पुरत नाहीत. सहा काढून ठेवा आणि प्रत्येक आरतीनंतर दारातलं बदला.