लॅमिंग्टन रोडवर सुटा पार्ट मागताना

[दृश्य: ग्रँट रोड स्टेशन, पूर्वेकडचा जिना, सकाळचे अकरा]

लॅमिंग्टन रोड म्हणजे मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणकाच्या सामानाचा बाजार. तिथे जायला पश्चिम रेल्वेच्या धीम्या लोकलने ग्रँट रोडला उतरायचं आणि पूर्वेला बाहेर पडायचं. मेट्रो ३ नेही आता ग्रँट रोडपर्यंत येता येतं. पाटीवर रस्त्याचं नाव आहे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचं नाव लोकांच्या तोंडातून काही गेलेलं नाही. दुकानं साडेदहा-अकराच्या सुमाराला उघडतात आणि रविवारी बहुतेक बंद असतात. पार्ट काउंटरवर लावून बघायचा असेल तर मधल्या वारी, दुकान उघडल्या उघडल्या जावं. शनिवारी संध्याकाळी दुकानदाराला तुमच्यासाठी टेबल मोकळं करायला सवड नसते.

या एका रस्त्यावर दोन बाजार आहेत. दर्शनी दुकानांत लॅपटॉप, मॉनिटर, ग्राफिक्स कार्ड, प्रिंटर असा खोकाबंद, कंपनीची वॉरंटी असलेला माल मिळतो. त्याचा भाव घरबसल्या फोनवर कळतो आणि तो तिथून मागवला तरी चालतो. दुसरा बाजार गल्ल्यांत, जुन्या इमारतींच्या पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर आणि चार फूट रुंद गाळ्यांत आहे. भिंतभर छोटे खण, खणांवर नंबर, आत रेझिस्टर, कपॅसिटर, आयसी, रिले, ट्रान्सफॉर्मर, पंखे, कनेक्टर. आपलं काम आहे या दुसऱ्या बाजाराशी. इथे खरेदी सोपी आहे. मात्र जे मागाल तेच मिळतं, म्हणून नेमकं मागता यायला हवं.

आणि नेमकं मागायची खात्रीची रीत म्हणजे खराब झालेला पार्ट खिशात घालून नेणं. फोटो चालतो, पण फोटोत माप कळत नाही.

[दृश्य: काउंटरवर राउटरचा जुना ॲडॉप्टर, शेजारी व्हर्नियर कॅलिपर]

उदाहरण म्हणून राउटरचा ॲडॉप्टर घ्या. लेबलवर लिहिलेलं असतं आउटपुट १२ व्होल्ट, २ अँपिअर. व्होल्ट तितकेच हवेत. अँपिअर तितके किंवा जास्त चालतात, कमी चालत नाहीत. त्याच लेबलवर प्लस आणि मायनसची छोटी आकृती असते. बहुतेक राउटरना मध्यभागी प्लस लागतो, पण काही वाद्यांच्या उपकरणांत तो उलटा असतो. एवढं जुळवूनही ॲडॉप्टर चुकतो, कारण प्लगचं माप. बाहेरचा व्यास ५.५ मिलिमीटर असलेल्या प्लगमध्ये आतलं भोक २.१ किंवा २.५ चं असतं. २.१ चा प्लग २.५ च्या पिनेवर चढतच नाही, त्यामुळे चूक लगेच कळते. २.५ चा प्लग २.१ च्या पिनेवर मात्र छान बसल्यासारखा वाटतो, आतून सैल राहतो, आणि वायरला धक्का लागला की राउटर रिस्टार्ट होतो. माणूस मग इंटरनेट कंपनीकडे तक्रार करत बसतो.

ॲडॉप्टर मल्टीमीटरवर तपासून घेताना नुसता आकडा बघू नका. कमजोर झालेला ॲडॉप्टरही मोकळा असताना १२ व्होल्ट दाखवतो. भार आला की तो ९ वर घसरतो. म्हणून राउटरच सोबत न्या आणि लावून दाखवायला सांगा. ते जमत नसेल तर दुकानातल्या एलईडी पट्टीवर भार देऊन व्होल्ट मोजा. लेबलवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह आणि आर या अक्षरापुढे आठ आकडी नोंदणी क्रमांक असायला हवा. ॲडॉप्टर आणि मोबाइल चार्जरसाठी ही नोंदणी सक्तीची आहे, आणि जी वस्तू रात्रंदिवस भिंतीत लागून राहणार तिथे ती बघून घेणं हा घराच्या सुरक्षेचा प्रश्न आहे.

[दृश्य: मदरबोर्डवर फुगलेले कपॅसिटर, जवळून]

जुन्या मदरबोर्डवर किंवा टीव्हीच्या सप्लायवर डोकं फुगलेले कपॅसिटर सापडतात. बदलताना तीन आकडे वाचायचे: मायक्रोफॅरड, व्होल्ट आणि अंश सेल्सिअस. समजा १००० मायक्रोफॅरड, १६ व्होल्ट, १०५ अंश. मायक्रोफॅरड तेवढेच घ्यायचे. व्होल्ट २५ चे घेतले तरी विजेच्या दृष्टीने चालतात, पण अंग जाड होतं आणि शेजारच्या कॉइलला टेकतं. म्हणून व्यास आणि पायांमधलं अंतरही मोजायचं. ८५ अंशाचा स्वस्त मिळतो, तो इथे घेऊ नये. आणखी एक शब्द काउंटरवर आठवणीने उच्चारायचा: लो ईएसआर, म्हणजे आतला रोध कमी असलेला. स्विचिंग सप्लायमध्ये कपॅसिटरमधून सतत चढउतार करणारा प्रवाह जातो. साध्या कपॅसिटरचा आतला रोध जास्त, म्हणून तो तापतो आणि काही महिन्यांत पुन्हा फुगतो. दुरुस्ती टिकत नाही अशी ओरड होते, तिचं मूळ पुष्कळदा या पाच-दहा रुपयांच्या वाचवणुकीत असतं. अंगावर जी रंगीत पट्टी आहे ती मायनसची बाजू. उलटा लावलेला कपॅसिटर फुटतो.

सुटे रेझिस्टर, डायोड एकेक मिळतीलच असं नाही. पाव वॅटचे रेझिस्टर दहाच्या किंवा शंभराच्या पट्टीत घ्यावे लागतात. मॉड्यूल, आयसी एकेक देतात. नावंही बाजाराची वापरा, काम झटपट होतं. छिद्रांच्या कोऱ्या बोर्डाला झिरो पीसीबी, पिनांच्या रांगेला बर्ग स्ट्रिप, आणि २.५४ मिलिमीटर अंतराच्या पांढऱ्या वायर-कनेक्टरला रिलीमेट म्हणतात. डाख देण्याची तार ६०-४० ची मागा, म्हणजे ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसं. हलक्या तारेत कथील कमी असतं. ती उशिरा वितळते आणि सांधा खरखरीत, राखाडी बसतो.

[दृश्य: दोन एसएमपीएस वजनकाट्यावर]

सगळ्यांत जास्त फसगत एसएमपीएसमध्ये, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यात होते. कॅबिनेटसोबत जो सप्लाय येतो त्यावर ठळक ४५० (वॅट) लिहिलेलं असतं. ते बाजूला ठेवा आणि लेबलवरच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्याखाली किती अँपिअर आहेत ते वाचा. १८ असतील तर १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॅट. आजचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज याच रकान्यातून घेतात, म्हणून खरा आकडा हा. मग वायरी बघा. चांगल्या सप्लायच्या मुख्य वायरींवर १८ एडब्ल्यूजी हे तारेच्या जाडीचं माप छापलेलं असतं. हा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक, त्यामुळे २० किंवा २२ दिसलं तर सप्लाय परत ठेवा. हातात घेतल्यावर हलका लागणाराही नको, कारण आतला हीटसिंक आणि ट्रान्सफॉर्मर लहान केल्यावरच वजन उतरतं.

जुना एसएमपीएस तपासताना दुकानदार २४ पिनी कनेक्टरमधली हिरवी वायर काळीला जोडतो आणि पंखा फिरवून दाखवतो. त्यातून सप्लाय सुरू होतो एवढंच कळतं. भार पेलेल की नाही, ते बोर्डाला जोडून पंधरा-वीस मिनिटं चालवल्याशिवाय कळत नाही. तेवढा वेळ मागून घ्या.

रॅमच्या बाबतीत पिढी (डीडीआर ३, डीडीआर ४) चुकली तर खाच जुळत नाही, पट्टी बसतच नाही, हा गोंधळ लगेच निस्तरतो. न दिसणारी चूक डीडीआर ३ मध्ये होते. साधी डीडीआर ३ चालते १.५ व्होल्टवर, एल लिहिलेली १.३५ वर. बऱ्याच लॅपटॉपना एलच लागते. साधी लावली तर यंत्र सुरू होत नाही किंवा अधूनमधून निळा पडदा येतो. डेस्कटॉपसाठी आठ जीबीची डीडीआर ३ फारच स्वस्तात पुढे आली तर ती फक्त एएमडीच्या बोर्डावर चालणारी असू शकते. इंटेलच्या बोर्डावर लावून दाखवा म्हणावं. घरी आल्यावर रॅम तपासणारा मेमटेस्ट ८६ हा प्रोग्राम रात्रभर चालवा, आणि एक जरी चूक दिसली तर बदलीची मुदत संपायच्या आत पट्टी परत न्या.

लॅपटॉपचा स्क्रीन घ्यायला जाताना लॅपटॉपचं मॉडेल पुरत नाही. एकाच मॉडेलमध्ये ३० पिनांचा आणि ४० पिनांचा असे वेगळे पॅनल येतात. जुना पॅनल खोलून मागच्या लेबलवरचा नंबर घ्यायचा आणि कनेक्टर कोणत्या बाजूला आहे ते बघायचं. बॅटरीचं तसंच: नंबर आणि व्होल्ट जुळले पाहिजेत.

[दृश्य: जुन्या हार्ड डिस्कची रास, पडद्यावर तपासणीचा तक्ता]

वापरलेला माल या रस्त्यावर भरपूर आहे, आणि तो घेण्यात काही वाईट नाही. कार्यालयांतून निघालेले, तिसऱ्या-चौथ्या पिढीचे आय ५ प्रोसेसर अजून वर्षानुवर्षं चालतील. फक्त हे लक्षात ठेवा की विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या बहुतेक प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० ला मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अशा संगणकावर लिनक्स टाका. मराठी टंकलेखन, इंटरनेट, हिशेब सगळं होतं. त्यातल्या तिसऱ्या पिढीच्या प्रोसेसरसाठी नव्या खोक्यातले एच ६१ चिपसेटचे मदरबोर्डही मिळतात. त्यातला चिपसेट, म्हणजे बोर्डाची मुख्य चिप, बहुतेक वेळा जुन्या बोर्डावरून काढलेला असतो, हे धरून भाव करा.

जुनी हार्ड डिस्क क्रिस्टलडिस्कइन्फो या तपासणीच्या प्रोग्राममध्ये उघडून घ्या. रीअलोकेटेड सेक्टर (खराब होऊन बदललेले भाग) आणि पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न येणारे संशयित भाग) दोन्ही शून्य हवेत. पेंडिंगमध्ये एक जरी आकडा असला तरी त्या डिस्कवर घरातले फोटो ठेवू नयेत. किती तास चालली तेही दिसतं, पण तो आकडा खोडता येतो, म्हणून त्याच्यावर एकट्यावर विसंबू नका. पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डात खोटी क्षमता घालून विकतात: १२८ जीबी दिसतं, आत असतं आठ, आणि पुढची फाइल आधीची पुसून टाकते. एच२टेस्टडब्ल्यू हे सॉफ्टवेअर पूर्ण कार्ड भरून परत वाचतं आणि खरी क्षमता सांगतं. १८६५० या गोल लिथियम सेलवर ९९०० एमएएच छापलेलं असेल तर विचारायचीही गरज नाही. या आकाराच्या चांगल्यातल्या चांगल्या सेलची क्षमता ३५०० च्या आसपास असते आणि वजन ४५ ते ५० ग्रॅम.

वॉरंटी कोणती, हे पैसे देण्याआधी विचारायचं. कंपनीची वॉरंटी म्हणजे सीरियल नंबर लिहिलेलं जीएसटी बिल. दुकानाची वॉरंटी त्या दुकानापुरती. तिची मुदत बिलावर लिहून घ्या. टेस्टिंग वॉरंटी म्हणजे तुमच्यासमोर चाललं, उंबरठ्याबाहेर जबाबदारी नाही. तिन्ही व्यवहार सरळ असू शकतात, भाव मात्र एकच असू शकत नाही. बिलाशिवाय कमी भाव सांगितला तर १८ टक्के कर वाचतो असं वाटतं, पण मदरबोर्ड किंवा एसएसडी अकराव्या महिन्यात बंद पडली की सर्व्हिस सेंटर पहिल्यांदा बिल मागतं.

[दृश्य: लोहार चाळ, वायरींची वेटोळी]

वायर, स्विच, एमसीबी, केबल ट्रे हवे असतील तर लॅमिंग्टन रोड सोडून क्रॉफर्ड मार्केटजवळच्या लोहार चाळीत जावं. तिथे लॅन केबल घेताना टोक ब्लेडने खरवडून बघा. आत चंदेरी निघालं तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार. कमी अंतरावर इंटरनेट तिच्यावरही चालतं. पण त्याच केबलवरून कॅमेऱ्याला वीज दिली की लांबचा कॅमेरा दिवसभर ठीक राहतो आणि अंधार पडताच बंद-चालू होऊ लागतो, कारण रात्रीचे इन्फ्रारेड दिवे लागले की प्रवाह वाढतो आणि व्होल्ट वाटेतच गळतात. भिंतीत पुरल्यावर हे कळलं तर पुन्हा भिंत फोडावी लागते. ३०५ मीटरचं खोकं निव्वळ तांब्याचं असेल तर उचलतानाच जड लागतं.

पुण्यात हाच बाजार बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या परिसरात आणि तपकीर गल्लीत आहे; मंडई मेट्रो स्थानकातून चालत जाता येतं. गाडी नेऊ नका. काही दुकानं दुपारी बंद असतात, सुट्टीचा वारही दुकानागणिक वेगळा, तेव्हा आधी फोन करावा. इथल्या काउंटरवर अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची सतत ये-जा असते, त्यामुळे सेन्सर, मोटर, मायक्रोकंट्रोलर बोर्ड हाताशी असतात. जुनी यंत्रं, ट्रान्सफॉर्मर, मोजमापाची उपकरणं हवी असतील तर बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात सकाळी लवकर जावं. तिथे तपासायला वीज मिळेल असं धरू नका. बॅटरीवरचा मल्टीमीटर सोबत असू द्या.

[दृश्य: तालुक्याचा बसस्टँड, टीव्ही दुरुस्तीचं दुकान]

आणि जिथे असा रस्ताच नाही, तिथे? दुरुस्ती करणाऱ्याला विचारा, त्याला पार्ट कुठून तरी आणावाच लागतो. टीव्ही दुरुस्तीवाला कपॅसिटर, फ्यूज, सप्लायचे पार्ट ठेवतो. मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे बेअरिंग, पंख्याचा २.५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, स्लीव्ह आणि जाड वायर मिळते. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे बारीक टोकाचं सोल्डरिंग आयर्न आणि फ्लक्स असतं. पॉलिटेक्निकच्या आसपास प्रोजेक्टच्या सामानाचं एखादं तरी दुकान निघतं. भंगारवाल्याकडे बंद पडलेल्या प्रिंटरमधून स्टेपर मोटर, गुळगुळीत दांडे आणि २४ व्होल्टच्या आसपासचा सप्लाय वजनाच्या भावाने मिळून जातो.

तिथेही नाही मिळालं तर मुंबई-पुण्याच्या दुकानाला पार्टचे तीन फोटो पाठवा: वरून, लेबलचा, आणि कनेक्टरचा मोजपट्टी शेजारी ठेवून. पैसे पाठवण्याआधी त्याच नंबरच्या पार्टचा फोटो त्यांच्याकडून मागवा. पार्सल उघडताना खोक्याच्या शिक्क्यापासून पार्ट हातात येईपर्यंत सलग व्हिडिओ काढा, आणि आलेला पार्ट लावण्याआधी जुन्याशेजारी ठेवून नंबर पुन्हा एकदा वाचा.