बुचं सापडतात, बाटल्या कुठे जातात?

[दृश्य: ओहोटी. ओल्या वाळूवर सुकलेल्या शेवाळाची वेडीवाकडी रेघ.]

भरतीचं पाणी जिथवर चढतं, तिथे ते आपली रेघ सोडून जातं. शेवाळ, काटक्या, शिंपले, एखादं पीस. या रेघेपाशी उकिडवं बसा आणि हातभर तुकडाच नीट बघा. बाटलीचं बूच. निळ्या दोरीचा पिंजलेला तुकडा. लायटर. कान साफ करायच्या काडीची नुसती नळी, कापूस केव्हाच गेलेला. पुन्हा बूच. आणखी एक बूच.

इतकी बुचं आहेत, तर बाटल्या कुठे आहेत?

बूच बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलिन नाहीतर पॉलिथिलिन या प्लास्टिकचं. दोन्ही पाण्याहून हलकी. पेयाची बाटली मात्र पीईटी या दुसऱ्या प्लास्टिकची, म्हणजे खाऱ्या पाण्याहूनही जड. बूच घट्ट बसलेलं असेल तोवर आतल्या हवेच्या जोरावर ती तरंगते. बूच निघालं, पाणी शिरलं, की बाटली तळाला. नायलॉनचंही तसंच. किनाऱ्यावर आपण बघतो तो कचऱ्यातला तरंगणारा वाटा, आणि त्यातलाही पाण्याने परत केला तेवढाच.

[दृश्य: पाण्याखाली हिरवट उजेड. खडकाला लपेटलेलं जाळं.]

तळाशी गेलेल्या कचऱ्यात सगळ्यात घातक हे. जाळं वादळात तुटतं, खडकात अडकतं, दुसऱ्या बोटीच्या पंख्यात सापडून कापलं जातं. मच्छीमार बेफिकीर असतात म्हणून जाळी समुद्रात जातात, असं सरसकट बोललं जातं; मला ते पटत नाही. जाळं गेलं की पहिलं नुकसान त्याचंच. पण मालक सुटला तरी जाळं आपलं काम सोडत नाही. मासा अडकतो, मरतो. त्याच्या वासावर खेकडा येतो आणि तोही अडकतो. याला घोस्ट नेट म्हणतात. भुतासारखं, कुणाचंच नसलेलं.

मग ओढून काढायचं? प्रवाळाला गुरफटलेलं जाळं ओढलं तर प्रवाळ तुटून हातात येतं. म्हणून पाणबुडे ते जागेवरच थोडं थोडं कापतात, जिवंत सापडलेलं आधी मोकळं करतात आणि मोकळ्या झालेल्या भागाला हवेची पिशवी बांधून तो वर सोडतात. खरी जोखीम इथून पुढे. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे पिशवीत सोडलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा व्यापते. पिशवी फुगत जाते, वेग घेते. अशा वेळी पाणबुड्याचा एखादा पट्टा जाळ्यात अडकलेला असेल, तर माणूसही जाळ्यासोबत वर खेचला जातो. हौशी पोहणाऱ्यांनी या कामाच्या वाटेला जाऊ नये, हे त्यामुळेच.

[दृश्य: तळहातावर मसुरीएवढे पांढरे दाणे.]

आणि काही गोष्टी मुळात उचलताच येत नाहीत. 2021 च्या मे महिन्यात श्रीलंकेजवळ एक्स-प्रेस पर्ल या मालवाहू जहाजाला आग लागली. त्यावर सुमारे 1,680 टन प्लास्टिकचे कच्चे दाणे होते. ते किनाऱ्यावर आले आणि वाळूत मिसळले. वाळूतून दाणा वेगळा करायचा म्हणजे चाळण घेऊन बसायचं. भरती आली की पुन्हा चाळण.

यंत्राने किनारा खरवडून काढणं सोपं वाटतं, दिसतंही छान. पण ते यंत्र शेवाळाची रेघही उचलून नेतं. त्या रेघेखाली वाळूतले किडे राहतात, आणि त्या किड्यांवर किनाऱ्यावरचे पक्षी जगतात. हाताने वेचणं संथ आहे, पण हाताला बूच आणि शेवाळ यांतला फरक कळतो.

[दृश्य: पाटीला लावलेला तक्ता, त्यावर पेन्सिलीच्या उभ्या रेघा.]

1986 मध्ये अमेरिकेत टेक्सासच्या किनाऱ्यावर लोक सफाईला जमले, तेव्हा त्यांच्या हातात पोत्यांबरोबर एक तक्ताही होता. काय सापडलं, किती नग. आंतरराष्ट्रीय किनारा स्वच्छता मोहीम तिथून सुरू झाली, आणि ही मोजदाद आजही चालते. मला पोत्यापेक्षा तो तक्ता मोलाचा वाटतो. नुसतं "दोन पोती कचरा" म्हटलं, तर तो कुठून आला ते कळत नाही. कानकाड्यांच्या नळ्या शेकड्याने सापडल्या तर त्या शौचालयातून सांडपाण्यात गेल्या आहेत. खोकी बांधायच्या पट्ट्या सापडल्या तर वाट बहुधा बोटीकडे जाते. सिगारेटची थोटकं थेट पायाखालची, नाहीतर गटारातून आलेली.

वाट कळली की अडवणं सुरू होतं. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात ओढ्याच्या मुखाशी 2014 पासून एक पाणचक्की बसवलेली आहे. तरंगते अडसर कचरा तिच्याकडे वळवतात, सरकता पट्टा तो कंटेनरमध्ये टाकतो. पाऊस पडला की तिचं काम वाढतं, कारण रस्त्यावरचं सगळं तेव्हाच वाहून येतं.

जहाजांचं गणित निराळं. प्लास्टिक समुद्रात टाकायला बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय नियम 31 डिसेंबर 1988 पासून लागू आहे. पण खोल समुद्रात बघणार कोण? बंदराने कचऱ्याच्या दर पिशवीमागे पैसे घेतले, तर अंधारात पिशवी पाण्यात ढकलायचा मोह होणारच. त्यावर युरोपीय संघाने 2019 मध्ये तोडगा काढला: कचऱ्याचं शुल्क प्रत्येक जहाजाने भरायचंच, कचरा उतरवला काय नि नाही काय. पैसे गेलेच आहेत म्हटल्यावर पिशवी कोण टाकून देईल?

[दृश्य: बोटीच्या फळीवर खेकड्यांचा पिंजरा. त्याच्या जाळीत एक पांढरी दोरी.]

ही एवढी एकच दोरी सुती आहे, बाकी सगळा पिंजरा तार आणि नायलॉन. अमेरिका आणि कॅनडाच्या काही भागांत ती सक्तीची आहे. पिंजरा वेळेवर वर काढला तर दोरी शाबूत असते. हरवून तळाशी राहिला, तर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी ती कुजते. तिने बांधून ठेवलेला भाग सुटतो, आणि आतला खेकडा आडवा चालत बाहेर पडतो.