धूर दिसतो, पण कुणी उठत नाही

नमस्कार श्रोतेहो.

आज मानसशास्त्रातलं एक संशोधन सांगायचं आहे. खरं तर तीन-चार सांगायची आहेत, पण पहिलं माझं इतकं लाडकं आहे की बाकीच्यांच्या वाट्याला किती मिनिटं उरतील याची हमी देत नाही.

सुरुवात एका बातमीपासून करू. १३ मार्च १९६४ च्या पहाटे न्यू यॉर्कच्या क्वीन्स भागात किटी जेनोव्हीज या तरुणीचा खून झाला. दोन आठवड्यांनी ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने पहिल्या पानावर छापलं, की ३८ जणांनी हे घडताना पाहिलं आणि हल्ला चालू असताना एकानेही पोलिसांना फोन केला नाही. देशभर खळबळ उडाली. शहरातली माणसं दगड झाली, माणुसकी संपली, असे अग्रलेख आणि प्रवचनं सुरू झाली.

त्या बातमीत अतिशयोक्ती फार होती, हे पुढे उघड झालं. एका शेजाऱ्याने खिडकीतून ओरडून हल्लेखोराला पळवून लावलं होतं, तो नंतर परत आला. एक शेजारीण खाली धावत गेली होती आणि मदत येईपर्यंत किटीला धरून बसली होती. त्या वर्तमानपत्राने चूक स्पष्ट शब्दांत कबूल केली २०१६ मध्ये. म्हणजे बातमी लगेच पहिल्या पानावर, आणि दुरुस्ती ५२ वर्षांनी. वर्तमानपत्रांबद्दल माझी काही मतं आहेत, पण ती आज राहू देत.

मुद्दा असा, की ती बातमी वाचून बिब लाताने आणि जॉन डार्ली या दोन तरुण मानसशास्त्रज्ञांना वेगळीच शंका आली. माणसं वाईट होती म्हणून गप्प राहिली, असं सगळे म्हणत होते. पण इतर माणसं आजूबाजूला असणं हेच गप्प राहण्याचं कारण असेल तर?

आता ऐका. ही ती गोष्ट.

त्यांनी कोलंबिया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना मुलाखतीला बोलावलं. विषय अगदी निरुपद्रवी: शहरातल्या विद्यापीठात राहताना येणाऱ्या अडचणी. विद्यार्थी आला की त्याला एका छोट्या खोलीत बसवायचं आणि म्हणायचं, मुलाखतीआधी एवढा फॉर्म भरा. (माणसाला खुर्चीवर खिळवून ठेवायला फॉर्मसारखं साधन नाही. कचेऱ्यांना हे मानसशास्त्रज्ञांच्या आधीपासून ठाऊक आहे.) तो लिहायला लागला, की थोड्या वेळाने भिंतीतल्या एका छोट्या झरोक्यातून पांढरट धूर आत येऊ लागे. येतच राही. संशोधक लपून पाहत असत. सहा मिनिटं वाट पाहायची, तोवर कुणी सांगायला आलं नाही तर प्रयोग थांबवायचा.

घरात धूर दिसला किंवा गॅसचा वास आला तर काय करायचं, हे तुम्हाला कुणी शिकवायला नको. या मुलांनाही नको होतं. खोलीत एकटा असलेला विद्यार्थी धुराकडे पाही, जरा घुटमळे, उठून झरोक्याजवळ जाई, वास घेई, हात धरून पाही. मग बाहेर जाऊन शांतपणे सांगे, आत काहीतरी विचित्र होतंय, धूर येतोय. एकटे बसलेल्यांपैकी ७५ टक्के जणांनी असं केलं. त्यातही बरेच जण धूर दिसल्यावर दोन मिनिटांच्या आतच उठले.

मग त्यांनी डाव बदलला. विद्यार्थी तोच फॉर्म भरतोय, पण शेजारी आणखी दोघं बसलेत. हे दोघं संशोधकांचेच, पढवलेले. धूर आला की त्यांनी एकदा मान वर करायची, खांदे उडवायचे आणि पुन्हा फॉर्ममध्ये डोकं घालायचं. काही विचारलं तर म्हणायचं, “काय माहीत.”

या खोलीतून किती जण उठले असतील? दहापैकी एक. पुन्हा सांगतो, एकटा असताना चारातले तीन, आणि दोन शांत माणसांच्या शेजारी दहातला एक. उरलेले नऊ जण खोकत होते, डोळे चोळत होते, तोंडासमोरचा धूर हाताने बाजूला सारत होते, कुणी खिडकी उघडत होता, आणि फॉर्म भरत होते! धुरामुळे नीट दिसेनासं झालं तरी भरत होते.

तुम्ही म्हणाल, ते दोघं तर नाटक करत होते. बरोबर. म्हणून तिसरा प्रकार: तिघंही खरे, कुणालाच काही माहीत नाही. असे आठ गट बसवले. एकटा माणूस चारातून तीनदा उठतो, तर तिघांतला एखादा जवळजवळ नक्कीच उठायला हवा. उठला आठपैकी तीन गटांत. त्या २४ विद्यार्थ्यांपैकी पहिल्या चार मिनिटांत फक्त एकाने कळवलं.

पण मला सगळ्यात आवडतो तो याच्या पुढचा भाग. जे उठले नाहीत त्यांना नंतर विचारलं, धुराबद्दल सांगितलं का नाहीत? एकानेही “मी घाबरलो” किंवा “मला काय त्याचं” असं म्हटलं नाही. ती आग नाही, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. कुणाला ती वाफ वाटली, कुणाला एअर कंडिशनरमधून येणारं काहीतरी. कुणाला वाटलं, विषय शहराचा आहे म्हणून शहरासारखी धूसर हवा मुद्दाम सोडली असेल. आणि दोघांनी सांगितलं, आम्हाला वाटलं हा सत्य वदवणारा वायू आहे, फॉर्ममधली उत्तरं खरी यावीत म्हणून सोडलेला. आपल्यावर असला वायू सोडलाय असं वाटतंय, आणि माणूस निमूटपणे पुढचा प्रश्न वाचतोय!

इतरांमुळे तुम्ही थांबलात का, हे संशोधकांनी आडून विचारलं, थेट विचारलं, गोड बोलून विचारलं. उत्तर एकच: छे, इतरांचा काही संबंध नाही.

आता स्पष्टीकरण, थोडक्यात, कारण घड्याळ माझ्याकडे बघतंय. धूर पाहिल्यावर मी काय करतो? स्वतःची घालमेल लपवतो, चेहरा शांत ठेवतो आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून शेजाऱ्याकडे बघतो. शेजारीही तेच करतो. मला त्याचा शांत चेहरा दिसतो, त्याला माझा. दोघंही ठरवतो, हा शांत आहे त्या अर्थी काही गंभीर नसणार. तो तुमच्याकडे पाहून ठरवतोय आणि तुम्ही त्याच्याकडे पाहून. “डोकं शांत ठेवा” हा उपदेश आपल्याला फार झालाय, असं माझं जुनं मत आहे. निदान चेहरा तरी थोडा अशांत असू द्यावा.

मानसशास्त्रज्ञ फ्लॉइड ऑलपोर्ट आणि त्यांचे विद्यार्थी डॅनियल कॅट्झ यांनी हा सामूहिक गैरसमज १९३१ मध्येच वर्णन केला होता. मनात प्रत्येकाच्या एक, आणि प्रत्येकाला वाटतं की बाकीच्यांच्या मनात दुसरंच आहे. वर्गात शिक्षक विचारतात, “समजलं ना सगळ्यांना?” शांतता. प्रत्येकाला वाटतं, आपल्यालाच समजलं नाही. बैठकांमध्ये “कुणाला काही म्हणायचंय?” यानंतरची शांतता हीच. त्या शांततेला मंजुरी समजून इतिवृत्तात “एकमताने” असं लिहिण्याची पद्धत मला कधीच पटलेली नाही, पण तो विषय वेगळा.

गर्दी असली की माणूस मदत करतच नाही, असा अर्थ मात्र काढू नका. २०१९ मध्ये ॲम्स्टरडॅम, लँकेस्टर आणि केप टाउन या तीन शहरांतल्या रस्त्यांवरच्या भांडणांचं २१९ घटनांचं कॅमेऱ्यातलं चित्रण संशोधकांनी तपासलं. दहापैकी नऊ घटनांत निदान एक तरी बघणारा मध्ये पडला होता, आणि माणसं जितकी जास्त, तितकी कुणीतरी पुढे होण्याची शक्यता जास्त होती. भांडण समोर दिसतं, त्याला वाफ म्हणता येत नाही. धुराला म्हणता येते.

डार्ली यांनी प्रिन्स्टनमध्ये केलेला, १९७३ साली प्रसिद्ध झालेला आणखी एक प्रयोग. विद्यार्थ्यांना एका घोड्याच्या मूर्तीचं चित्र काढायला बसवलं, आणि शेजारच्या खोलीत काहीतरी कोसळल्याचा, माणूस कण्हल्याचा आवाज केला. एकटे होते त्यांतले ९० टक्के मदतीला उठले. जोडी पाठीला पाठ लावून बसलेली असेल, तर २० टक्के जोड्यांतून कुणी उठलं. समोरासमोर बसवल्यावर ८० टक्के. आवाज झाल्याबरोबर दोघंही दचकले, आणि तोंडावर शांतपणा चढवायच्या आत ते दचकणं एकमेकांना दिसलं. बदल फक्त खुर्च्यांचा.

शेवटचं उदाहरण धुराचं नाही. अर्थशास्त्रज्ञ लिओनार्दो बर्स्टिन आणि सहकाऱ्यांनी सौदी अरेबियात, रियाधमध्ये केलेला आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास. लग्न झालेल्या तरुण पुरुषांना गटागटाने एकत्र बसवलं. त्यांतले बरेच जण एकमेकांना ओळखणारे. प्रत्येकाला गुप्तपणे विचारलं, बायकांना घराबाहेर नोकरी करता यावी का? ८७ टक्के म्हणाले, हो. मग विचारलं, या खोलीतले किती जण हो म्हणाले असतील? बहुतेकांचा अंदाज खऱ्या आकड्यापेक्षा कमी निघाला. नंतर निम्म्यांना त्यांच्याच गटाचा खरा आकडा सांगितला, निम्म्यांना नाही, आणि सगळ्यांना विचारलं, बायकोचं नाव नोकरी शोधून देणाऱ्या सेवेत नोंदवता का? आकडा कळलेल्यांनी जास्त प्रमाणात नोंदवलं. काही महिन्यांनी पुन्हा चौकशी केली, तेव्हा त्यांच्या बायकांनी घराबाहेरच्या नोकरीसाठी अर्ज करण्याचं आणि मुलाखतीला जाण्याचं प्रमाणही जास्त होतं. त्या पुरुषांचं मत वळवण्याचा प्रयत्न कुणी केला नव्हता. शेजारी बसलेल्यांचं मत काय आहे, एवढंच त्यांना कळलं होतं.

वेळ संपली. नमस्कार.